बांधकामातील उंचीवरील काम (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

उंचीवरील काम म्हणजे जेथून माणूस खाली पडून त्याला इजा होऊ शकते, अशा कोणत्याही जागी केले जाणारे काम होय. इमारतींचे बांधकाम, कारखान्यांच्या छपरांची उभारणी व दुरुस्ती, पूल आणि मेट्रोमार्ग, रंगकाम, काचकाम, जाहिरात फलकांची बांधणी अशा अनेक कामांचा यात समावेश होतो. जगभरात बांधकाम क्षेत्रातील प्राणघातक अपघातांच्या प्रमुख कारणांमध्ये उंचीवरून पडण्याची गणना होते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड शहर आणि खेड तालुक्यातील चाकण औद्योगिक क्षेत्र या पट्ट्यात बहुमजली निवासी इमारती व मोठ्या कारखान्यांच्या शेड यांची कामे एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे उंचीवरील कामाचे बहुतेक सर्व प्रकार आणि त्यांतील धोके या परिसरात आढळतात.

## व्याख्या व व्याप्ती

व्यवहारात जमिनीपासून किंवा खालच्या मजल्यापासून सुमारे २ मीटरपेक्षा अधिक उंचीवरील कामास उंचीवरील काम मानण्याची पद्धत भारतातील अनेक कारखान्यांत व बांधकामांवर आहे. अमेरिकेच्या बांधकामविषयक नियमांत ही मर्यादा ६ फूट, म्हणजे सुमारे १.८ मीटर आहे. ब्रिटनच्या २००५ सालच्या नियमांत मीटरचा आकडा न देता ‘पडल्यास इजा होईल असे कोणतेही अंतर’ ही कसोटी स्वीकारली आहे. या कसोटीनुसार जमिनीच्या पातळीवर उभे राहून खोल खड्ड्याच्या, टाकीच्या किंवा लिफ्टच्या खड्ड्याच्या कडेला केलेले कामही उंचीवरील कामात मोडते.

## परिसराची पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या परिसरात वाहन व अभियांत्रिकी उद्योग वाढले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विस्तार चाकणकडे सरकला. म्हाळुंगे-इंगळे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी या गावांच्या शिवारांत वाहन कंपन्यांचे प्रकल्प आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने आले. पुढे वाकड, रावेत, ताथवडे, पुनावळे, मोशी या भागांत उंच निवासी संकुले झाली. पुणे मेट्रोचा पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला.

या विकासामुळे परिसरात दोन वेगळ्या प्रकारची ‘उंची’ निर्माण झाली. निवासी इमारतींची उंची वीस-पंचवीस मजल्यांची असून तिचा धोका पाहताक्षणी जाणवतो. औद्योगिक शेडची उंची बहुधा तीन-चार मजल्यांइतकीच असते. छप्पर रुंद व सपाट दिसते आणि त्यावर चालणे सोपे वाटते. ही दुसरी उंची भीती वाटू देत नाही आणि त्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो.

बांधकामावरील कामगारांत मराठवाडा व विदर्भातून आलेले, उत्तर कर्नाटकातील, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा व राजस्थान येथील स्थलांतरित मोठ्या प्रमाणात असतात. विकासक किंवा कारखानदार, मुख्य ठेकेदार, उपठेकेदार, मुकादम आणि शेवटी रोजंदारीवरील कामगार अशी कामाची साखळी असते. शहरातील मजूर अड्ड्यांवरून सकाळी घेतलेला कामगार त्याच दिवशी परांचीवर किंवा पत्र्यावर चढलेला असू शकतो.

## धोक्याची प्रमुख स्थाने

### उघड्या कडा आणि खाचा

स्लॅब भरून झाल्यावर भिंती उठेपर्यंत मजल्याची कड उघडी असते. याशिवाय लिफ्टचा खड्डा, नळांसाठी ठेवलेले डक्ट आणि जिन्याची मोकळी बाजू या जागा धोक्याच्या असतात. स्लॅबमधील खाचेवर सैल प्लायवूड टाकून ती झाकण्याची पद्धत विशेष घातक ठरते. मालाचे ओझे घेऊन जाणाऱ्याला ते प्लायवूड मजल्याचाच भाग वाटते, किंवा फळी उचलून पुढे पाऊल टाकणारा थेट खाचेत पडतो. झाकण खिळ्यांनी वा बोल्टने पक्के केलेले, भार पेलणारे आणि ठळक खूण केलेले असावे लागते.

### परांची

परांची बांबूची किंवा लोखंडी नळ्यांची असते. खालची जमीन भुसभुशीत असणे, तळाशी पाट्या नसणे, तिरप्या आधारांचा अभाव, इमारतीशी पुरेसे बांधलेले नसणे, चालण्याच्या फळ्या अपुऱ्या किंवा न बांधलेल्या असणे आणि मर्यादेपेक्षा अधिक विटा वा सिमेंट ठेवणे ही परांची कोसळण्याची किंवा तिच्यावरून पडण्याची नेहमीची कारणे आहेत. गिलावा करताना आड येणारा आधार गवंडी काढून ठेवतो आणि तो पुन्हा लावला जात नाही, असेही घडते. परांची उभी करताना आणि उतरवताना तिचे कठडे पूर्ण नसतात. म्हणून ही दोन्ही कामे प्रशिक्षित माणसांनीच करावयाची असतात.

### शिडी

शिडी हे मुख्यतः चढण्या-उतरण्याचे साधन आहे. दीर्घकाळ उभे राहून काम करण्याची ती जागा नव्हे. टेकवलेली शिडी चारास एक या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७५ अंशांच्या कोनात ठेवावी, ती वरच्या टेकणीच्या वर साधारण १ मीटर निघालेली असावी आणि वरच्या बाजूस बांधलेली असावी, असा सर्वमान्य संकेत आहे.

### ठिसूळ छप्पर

भोसरी, पिंपरी व चाकणमधील अनेक शेडवर सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी मधेमधे फायबरचे पारदर्शक पत्रे असतात. सिमेंटचा पत्रा वयोमानाने ठिसूळ होतो. पारदर्शक पत्रा धूळ व शेवाळ बसून इतर पत्र्यांसारखाच दिसू लागतो आणि माणसाचे वजन पडताच फुटतो. अशा वेळी माणूस कडेवरून न पडता छपराच्या मधूनच थेट यंत्रांवर किंवा काँक्रीटच्या जमिनीवर पडतो. पत्र्याखालच्या लोखंडी कैचीच्या रेषेवरून, बोल्टच्या ओळीवर पाय ठेवून चालण्याची सवय सर्वत्र दिसते. तिला सुरक्षित पद्धत म्हणता येत नाही, कारण तोल गेल्यास पुढचे पाऊल पत्र्यावरच पडते.

हे काम विशिष्ट काळात वाढते. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे व गळती बुजवणे, पावसाळ्यात ओल्या छपरावर तातडीची दुरुस्ती करणे आणि कारखाना बंद असताना सुट्टीच्या दिवशी देखभाल उरकणे हे त्याचे नेहमीचे प्रसंग होत. सुट्टीच्या दिवशी कारखान्याचे पर्यवेक्षक व सुरक्षा अधिकारी उपस्थित असतीलच असे नसते. काम लहान व थोड्या वेळाचे असल्याने ते बाहेरच्या फॅब्रिकेटरकडे तोंडी सोपवले जाते. ठिसूळ छपरावर भार विभागणाऱ्या रुंद फळ्या किंवा छपरी शिड्या टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नये, खाली जाळी लावावी आणि शक्य असल्यास काम छपराखालून, उचलत्या मंचावरून करावे, ही सुरक्षित पद्धती होय.

### झुले आणि उचलयंत्रे

बाहेरील रंगकाम व काचकामासाठी दोरांवर लोंबता झुला वापरतात. झुल्यातील माणसाचा सुरक्षा दोर झुल्याला न अडकवता इमारतीला वेगळ्या बांधलेल्या स्वतंत्र दोरास अडकवणे आवश्यक असते. अन्यथा झुला तुटल्यास माणूसही त्याच्याबरोबर खाली जातो. माल वाहण्याच्या लिफ्टमधून माणसांची ने-आण करणे आणि फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट ठेवून त्यावर माणूस चढवणे या प्रथाही धोकादायक आहेत. दुसरी प्रथा विशेषतः कारखान्यांच्या आवारात आढळते.

### हवामान

पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाच्या पावसाबरोबर अचानक वादळी वारे सुटतात. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे अशा वाऱ्यात जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा कोसळून त्याच्या आश्रयाला थांबलेल्या ५ जणांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना उंचीवरील कामाची नसली, तरी उघड्यावरील उंच सांगाड्यांवर वाऱ्याचा किती ताण येतो हे तिच्यावरून लक्षात येते. हातातील मोठा पत्रा किंवा प्लायवूड वाऱ्यात शिडासारखे फुगते आणि धरणाऱ्यास कडेबाहेर ओढते. उन्हाळ्यात तापलेल्या छपरावर येणारी भोवळ आणि पावसाळ्यातील निसरडेपणा हीदेखील पडण्याची कारणे आहेत.

## पडण्याचे गणित

मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या नियमानुसार, हवेचा विरोध सोडून दिल्यास, पुढील आकडे मिळतात.

* ३ मीटर (सुमारे एक मजला) : पडण्यास ०.८ सेकंद, आदळण्याचा वेग ताशी सुमारे २८ किमी
* ६ मीटर : १.१ सेकंद, ताशी सुमारे ३९ किमी
* १५ मीटर : १.७ सेकंद, ताशी सुमारे ६२ किमी

एका मजल्यावरून पडताना माणसाच्या हाताशी एक सेकंदही नसतो. त्यामुळे पडता पडता काहीतरी धरून सावरता येईल, ही कल्पना वस्तुस्थितीला धरून नाही. संरक्षणाची सोय पडण्यापूर्वीच असावी लागते.

## संरक्षणाचा क्रम

उंचीवरील धोक्यांवरील उपायांचा क्रम टाळणे, रोखणे आणि झेलणे असा लावला जातो. आधीचा उपाय शक्य असताना नंतरच्यावर विसंबू नये, हे या क्रमाचे सार आहे.

टाळणे : जे काम जमिनीवर करता येते ते वर करू नये. छपराच्या कैच्या खाली जोडून क्रेनने वर चढवणे, सळयांचे पिंजरे जमिनीवर बांधणे, दिवे खाली उतरवून बदलता येतील अशी रचना करणे ही याची उदाहरणे होत. हे निर्णय आराखड्याच्या वेळीच घ्यावे लागतात. त्यामुळे वास्तुरचनाकार आणि संरचना अभियंता यांचाही सुरक्षिततेशी थेट संबंध येतो.

रोखणे : पडणे शक्यच होऊ नये अशी सोय करणे. मजल्याच्या कडेला सुमारे १ मीटर उंचीचा वरचा कठडा, मधला कठडा आणि अवजारे खाली घसरू नयेत म्हणून तळाशी पाटी लावतात. पूर्ण फळ्यांची परांची आणि उचलते मंच हेही याच गटात येतात. कठडा एकदा लावला की तेथून जाणाऱ्या प्रत्येकाचे रक्षण करतो. त्यासाठी कामगाराला वेगळे काही करावे लागत नाही.

झेलणे : पडलेल्या माणसाला जमिनीवर आदळण्यापूर्वी थांबवणे. सुरक्षा जाळी आणि हार्नेस ही याची साधने होत. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या उभारणीत १९३० च्या दशकात पुलाखाली जाळी बांधल्याने १९ कामगारांचे प्राण वाचले. मात्र फेब्रुवारी १९३७ मध्ये कोसळलेला अवजड मंच ती जाळी पेलू शकली नाही आणि १० कामगार मरण पावले. झेलणारे साधन त्याच्या मर्यादेतच उपयोगी पडते.

प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा होतो. कठडे व जाळ्या लावण्यास नियोजन, साहित्य आणि वेळ लागतो, तर पट्टा आणि हेल्मेट लगेच वाटता येतात. पट्टा दिला असला, तरी तो अडकवण्याची जागा नसल्यास त्याचा काहीही उपयोग होत नाही.

## हार्नेस

पूर्वी प्रचलित असलेला कमरेचा पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी योग्य मानला जात नाही. झटक्याचा सर्व भार पोटावर व मणक्यावर येतो, तसेच माणूस पट्ट्यातून निसटू शकतो. पूर्ण शरीराचा हार्नेस हा भार मांड्या, कंबर व खांद्यांवर विभागतो. त्याच्या दोरात बसवलेला धक्काशोषक फाटत उलगडतो आणि शरीरावरील झटका सुमारे ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो.

झेलण्यासाठी खाली मोकळी जागाही लागते. दोराची लांबी २ मीटर, धक्काशोषकाचा ताण १.७५ मीटर, पाठीवरील कडीपासून पायांपर्यंतचे अंतर सुमारे १.५ मीटर आणि सुरक्षिततेसाठी १ मीटर धरल्यास, दोर अडकवलेल्या ठिकाणापासून खाली सुमारे ६.२५ मीटर जागा आवश्यक ठरते. ४ मीटर उंचीवर पायाजवळ हूक अडकवलेला कामगार पट्टा घालूनही जमिनीवर आदळू शकतो. म्हणून हूक डोक्याच्या वर अडकवणे, आखूड दोर वापरणे किंवा आपोआप गुंडाळला जाणारा दोर वापरणे श्रेयस्कर असते. जागा बदलताना एक हूक लावलेला ठेवून दुसरा सोडता यावा यासाठी दुहेरी दोर वापरतात.

हूक पाण्याच्या पाइपला, सेंट्रिंगच्या टेकूला किंवा परांचीच्या सैल नळीला अडकवणे निरर्थक असते. वेल्डिंगच्या ठिणग्या, सिमेंट, रंग आणि ऊन यांमुळे पट्ट्याचे कापड कमकुवत होते. एकदा पडणाऱ्याला झेललेला हार्नेस पुन्हा वापरू नये.

### सुटका

हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलेल्या, विशेषतः बेशुद्ध व्यक्तीच्या पायांत रक्त साचून थोड्या मिनिटांतच जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. त्यामुळे केवळ अग्निशमन दलाची वाट पाहणे पुरेसे ठरत नाही. कोण, कोणत्या साधनाने आणि किती वेळात खाली उतरवणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

## कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ : कलम ३२ नुसार कारखान्यात जेथून माणूस पडण्याचा संभव आहे अशा उंचीवर काम करावयाचे असल्यास कठडा किंवा अन्य उपाय करणे व्यवस्थापनावर बंधनकारक होते. कलम ३३ मध्ये खड्डे, टाक्या व जमिनीतील खाचा झाकण्याची वा त्यांना कठडा घालण्याची तरतूद होती. महाराष्ट्रात याची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे होती.

इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ : दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू करण्यात आला. काम सुरू होण्यापूर्वी ३० दिवस निरीक्षकास सूचना देणे, तसेच ५०० किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी नेमणे या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनुसार १५ मीटर वा अधिक उंच होणाऱ्या इमारतीभोवती, वरून पडणाऱ्या वस्तूंपासून रक्षण करणारे किमान २ मीटर रुंदीचे छत लावावे लागत असे. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये तयार झाले.

कारखाने अधिनियम ज्या बांधकामास लागू होई, ते बांधकाम १९९६ च्या कायद्यातून वगळलेले होते. त्यामुळे उभारणी चालू असलेल्या नव्या कारखान्याच्या बांधकामास कोणता कायदा लागू, हा प्रश्न निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लॅन्को अनपारा प्रकरणात, कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन सुरू होण्यापूर्वीच्या बांधकामास १९९६ चा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. चाकणसारख्या सतत नवे प्रकल्प उभे राहणाऱ्या क्षेत्रासाठी हा निर्णय महत्त्वाचा होता.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० : २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेत वरील दोन्ही कायदे विलीन करण्यात आले. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा तिच्यात २५० कामगारांवर आणली आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू घडल्यास आकारलेल्या दंडाचा किमान निम्मा भाग मृताच्या वारसांना भरपाई म्हणून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

भारतीय मानक ब्युरोची परांची व शिड्या (आयएस ३६९६), हार्नेस (आयएस ३५२१), सुरक्षा जाळ्या (आयएस ११०५७) आणि हेल्मेट (आयएस २९२५) यांसाठी मानके आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा सातवा भाग बांधकाम व्यवस्थापन व सुरक्षा यांविषयी आहे.

## उल्लेखनीय दुर्घटना

* बालेवाडी, २९ जुलै २०१६ : पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या पुण्यातील बालेवाडी येथे बहुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर काँक्रीटचे काम चालू असताना स्लॅब कोसळून ९ कामगारांचा मृत्यू झाला. ज्यावर माणसे उभी असतात तो आधारच कोसळला, तर वैयक्तिक साधने पुरेशी ठरत नाहीत. सेंट्रिंगची मजबुती हाही उंचीवरील सुरक्षिततेचाच भाग आहे.
* बाळकुम, ठाणे, १० सप्टेंबर २०२३ : चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरील काम संपवून उतरत असताना बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगारांचा मृत्यू झाला. कामाच्या जागेपर्यंत ये-जा करण्याचा मार्गही कामाइतकाच सुरक्षित असावा लागतो.

अशा मोठ्या घटनांची चौकशी व चर्चा होते. एकट्या कामगाराच्या पडण्याची नोंद मात्र बहुधा ‘तोल जाऊन पडला’ एवढीच होते. हे वर्णन घटनेचा केवळ शेवटचा क्षण सांगते. तेथे कठडा होता का, हूक अडकवण्याची जागा होती का, काम कोणी व कोणत्या सूचनेने दिले होते, हे प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. माणसाचा तोल कधीतरी जाणारच, हे गृहीत धरून जागेची रचना करणे हे सुरक्षाशास्त्राचे मूलभूत तत्त्व आहे.

## प्रशिक्षण

मोठ्या कारखान्यांत व प्रकल्पांवर उंचीवर जाणाऱ्या कामगारास प्रथम वैद्यकीय तपासणी करून ‘हाइट पास’ दिला जातो. रक्तदाब, दृष्टी, फेफरे आणि भोवळ येण्याची प्रवृत्ती यांची तपासणी त्यात असते. त्यानंतर हार्नेस घालणे, हूक बदलत चालणे, शिडी चढणे यांचा सराव जमिनीलगतच्या सांगाड्यावर घेतला जातो. प्रत्येक कामासाठी लेखी परवाना आणि कामापूर्वी पाच-दहा मिनिटांची सूचना बैठक, म्हणजेच ‘टूलबॉक्स टॉक’, ही या पद्धतीची पुढची अंगे आहेत.

परिणामकारक प्रशिक्षणात पुढील बाबी अपेक्षित असतात.

* कामगाराला समजणाऱ्या भाषेत, शक्य तेथे चित्रे व प्रत्यक्षिकांच्या साहाय्याने शिकवणे
* साधनांची रोजची तपासणी कामगाराकडून स्वतः करवून घेणे
* मुकादम व पर्यवेक्षकांना स्वतंत्र प्रशिक्षण देणे, कारण कामाचा क्रम व वेग तेच ठरवतात
* लोंबकळणाऱ्या व्यक्तीची सुटका करण्याचा सराव घेणे
* असुरक्षित जागी चढण्यास नकार देणाऱ्याचा रोज बुडणार नाही, याची हमी देणे

राष्ट्रीय पातळीवर मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद या क्षेत्रात प्रशिक्षणाचे कार्य करतात. परिषदेच्या स्थापनेनिमित्त दरवर्षी ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

## कल्याणकारी मंडळ

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगारास नोंदणी करता येते. नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच दिला जातो, तसेच कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. सतत ठेकेदार व गाव बदलणाऱ्या कामगारांना ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र मिळवणे अवघड जाते. त्यामुळे सर्वाधिक धोक्यात काम करणारा रोजंदारी कामगारच या संरक्षणाबाहेर राहण्याचा संभव असतो.

## अंमलबजावणीतील अडचणी

मोठ्या वाहन प्रकल्पांच्या आवारात परवाना, पास व तपासणी यांची व्यवस्था सहसा असते. त्याच रस्त्यावरील लहान शेडमध्ये, जेथे एक फॅब्रिकेटर दोन मदतनीसांसह पत्रे बदलतो, तेथे यांपैकी काहीही नसण्याची शक्यता असते. दहापेक्षा कमी कामगारांची अशी कामे बांधकाम कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत. कारखान्याच्या आवारातील काम असल्यास व्यवस्थापनाची जबाबदारी टळत नाही. पण काम काही तासांचे असल्याने ते निरीक्षकाच्या दृष्टीस क्वचितच पडते. ठेक्याच्या दरात कठडे, जाळ्या, फळ्या व परांचीचा खर्च स्वतंत्रपणे धरलेला नसेल, तर सर्वांत कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडून तो केला जाण्याची अपेक्षा फोल ठरते. म्हणून निविदेतच सुरक्षेचा खर्च वेगळा दाखवणे आणि काम देणाऱ्याने छपराची माहिती, विशेषतः ठिसूळ व पारदर्शक पत्र्यांच्या जागा, ठेकेदारास लेखी देणे हे उपाय सुचवले जातात.